आठव्या महिन्यात तळहात-तळपायांना रात्रभर खाज. कुणाला असा अनुभव आहे का?

मृण्मयी_स | ११ जुलै, रात्री १:२०

नमस्कार. माझी पहिलीच वेळ, ३२ वा आठवडा चालू आहे. आत्तापर्यंत सगळं सुरळीत होतं. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी, सगळे रिपोर्ट छान. या आठवड्यात मात्र तळहात आणि तळपायांना भयंकर खाज सुटतेय. दिवसा कामाच्या नादात फारशी जाणवत नाही, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. अंगावर पुरळ नाही, गांधी उठलेल्या नाहीत. जे लाल दिसतंय ते माझ्याच नखांचे ओरखडे. आत्ताही गार फरशीवर अनवाणी उभी राहून हे टाइप करतेय, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्वचा ताणली जाते, होतं असं. कॅलामाइन लिहून दिलं. आई म्हणते उष्णता आहे, सब्जा आणि धण्या-जिऱ्याचं पाणी घे. सासूबाई रोज रात्री बिचाऱ्या खोबरेल तेल चोळून देतात. पण ताणलं जातंय पोट, मग खाज तळपायाला का? झोप नाही म्हणून डोकं बधिर झालंय. कुणाला असं झालं होतं का?

अबोली७ | ११ जुलै, सकाळी ७:०५

अगं मलाही व्हायची खाज, पण पोटावर आणि मांड्यांवर. खोबरेल तेलात कोरफडीचा गर घालून लावायचे. बाळंत झाल्यावर गेली आपोआप. घाबरू नकोस, शेवटचे दोन महिने असेच असतात.

कोयनाकाठ | ११ जुलै, सकाळी ८:३०

उष्णताच ही. रोज ताक घ्यायला सांगा, रात्री गुलकंद. आमच्याकडे पायांना काशाच्या वाटीने तूप लावतात, छान झोप लागते.

लेस्टरवासी | ११ जुलै, सकाळी ११:५०

मृण्मयी, धागा आत्ताच दिसला. उपाय काहीही कर, पण आज रक्त तपासून घे. उद्यावर टाकू नकोस.

तू तीन गोष्टी लिहिल्या आहेस: खाज तळव्यांना आहे, रात्री वाढते, आणि पुरळ नाही. मला दुसऱ्या वेळी अगदी हेच होतं. इथे इंग्लंडात मिडवाइफला फोनवर एवढंच सांगितलं तर तिने त्याच दुपारी बोलावून घेतलं. इन्ट्राहेपॅटिक कोलेस्टॅसिस ऑफ प्रेग्नन्सी निघालं, सगळे आयसीपी म्हणतात. तक्रार त्वचेची वाटते, पण मूळ यकृतात असतं.

तपासण्या दोन: एलएफटी, म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्ट, आणि सीरम बाईल ॲसिड. दुसरी नेहमीच्या पॅकेजमध्ये नसते, नाव घेऊन मागावी लागते. आणि हो, इथे सगळ्या वंशांच्या गरोदर बायका धरल्या तर हा त्रास साधारण ०.७ टक्के जणींना होतो. भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या बायकांत हेच प्रमाण १.२ ते १.५ टक्के आहे. म्हणजे आपल्या बायकांत हे जवळजवळ दुप्पट. तरी आपल्याकडे खाजेचं नाव काढलं की उष्णता.

कोयनाकाठ | ११ जुलै, दुपारी १२:४०

माहिती चांगली आहे, पण आठव्या महिन्यातल्या बाईला असं घाबरवू नये असं मला वाटतं. डॉक्टरांनी तपासलंय ना तिला?

लेस्टरवासी | ११ जुलै, दुपारी १:१०

काकू (काका असाल तर माफ करा), बीपी आणि पोट तपासलंय, यकृत नाही तपासलं. रक्त दिलं आणि सगळं नॉर्मल आलं तर आपण सगळे मिळून गुलकंद सुचवू. भीती तिला आत्ताही आहेच, रात्री एक वाजता ती इथे लिहितेय.

वि_प्रसूतितज्ज्ञ | ११ जुलै, दुपारी ३:२५

लेस्टरवासींशी सहमत. मी पुण्यात प्रसूतितज्ज्ञ आहे. इथे निदान करत नाही, पण अशा तक्रारीवर तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

थोडं समजावून सांगते. पित्त यकृतात तयार होतं आणि तिथून आतड्यात उतरतं. (जेवणानंतर घशाशी येतं ते हे नव्हे.) गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन खूप वाढलेले असतात. काही जणींच्या यकृतातून पित्ताम्लं (म्हणजेच बाईल ॲसिड) बाहेर टाकणारी यंत्रणा त्यापुढे मंदावते. मोरी तुंबली की पाणी उलट घरात शिरतं, तशी ही पित्ताम्लं रक्तात साचत जातात. काहींच्या जनुकांतच हा कमकुवतपणा असतो, म्हणून आई किंवा बहिणीला झालं होतं का हे आम्ही विचारतो. जुळं असेल तरी शक्यता वाढते.

आईला याचा त्रास म्हणजे खाज आणि जागरण, आणि बाळंतपणानंतर यकृत पूर्ववत होतं. काळजी बाळाची असते. वेळेआधी कळा सुरू होणं, बाळाने पोटातच शी करणं, आणि पित्ताम्लं फारच वाढली तर बाळ पोटात अचानक दगावणं.

रिपोर्ट वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. अल्कलाइन फॉस्फटेज गरोदरपणात वाढलेलंच असतं, कारण ते वारेतूनही येतं. ते पाहून घाबरू नका, एसजीपीटी-एसजीओटी बघा, यकृताला इजा झाली की हे आकडे वाढतात. दुसरं, खाज आधी सुरू होऊन रिपोर्ट नंतर बिघडतो असंही होतं. आज नॉर्मल आलं आणि खाज चालूच राहिली, तर आठवड्याने पुन्हा तपासायचं.

अबोली, तुमची पोटावरची खाज साधी असणार, ती बऱ्याच जणींना होते. स्ट्रेच मार्क्सवर पुरळ उठून खाजतं तो प्रकारही वेगळा आणि बाळाला निरुपद्रवी. पुरळ आहे की नाही, हे म्हणूनच आधी बघतो.

मृण्मयी_स | १२ जुलै, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळीच गेलो. माझ्या डॉक्टर सुट्टीवर होत्या, त्यांच्या जागी जे होते त्यांनी तळवे पाहिले, डोळे पाहिले, लघवी गडद होते का विचारलं आणि लगेच तपासण्या लिहून दिल्या. एसजीपीटी १८६ आलंय. बिलिरुबिन नॉर्मल आहे. बाईल ॲसिडचं रक्त मुंबईला पाठवलंय, तीन-चार दिवस लागतील म्हणाले. हिपॅटायटिसच्या तपासण्याही केल्या आणि पोटाची सोनोग्राफी. अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू झाल्यात.

सासूबाई रिपोर्ट घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला सुधीरच्या वेळी अशीच खाज होती, आम्हाला कोणी रक्त तपासायला सांगितलं नाही." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

गोदातीर | १२ जुलै, रात्री १०:००

एसजीपीटी वाढलंय म्हणजे कावीळच ना? आमच्या गावाजवळ काविळीचं औषध देतात, झाडपाल्याचं, तीन दिवसांत उतरते. गरोदर बायकांनाही देतात. पत्ता हवा असेल तर सांगते.

वि_प्रसूतितज्ज्ञ | १२ जुलै, रात्री १०:४०

गोदातीर, तुम्ही मनापासून सांगताय हे समजतंय, पण कृपा करून नको. त्या औषधात काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. आधीच ताण असलेल्या यकृताला त्याने आणखी इजा होऊ शकते. नाकात थेंब घालणं, दंडावर डाग देणं हेही नको.

आणि गरोदर बाईला खरंच कावीळ झाली, डोळे पिवळे, ताप, उलट्या, जेवण जात नाही, तर ती आयसीपीपेक्षाही मोठी आणीबाणी असते. आपल्या देशात त्यामागे बरेचदा हिपॅटायटिस ई असतो, दूषित पाण्यातून येणारा. एरवी माणूस त्यातून बरा होतो, पण शेवटच्या तिमाहीत तो भयानक रूप घेतो. काही साथींत अशा गरोदर स्त्रियांपैकी २० ते २५ टक्के दगावल्या आहेत. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून साधारण २९,००० लोकांना कावीळ झाली होती, तेव्हाही गरोदर बायकांचे हाल सर्वांत जास्त झाले. त्या साथीचे रक्तनमुने पुढे पुन्हा तपासले गेले आणि तो हिपॅटायटिस ए नव्हता हे १९८० मध्ये पुढे आलं. त्या कामात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा वाटा होता. म्हणून मृण्मयीच्या डॉक्टरांनी हिपॅटायटिसच्या तपासण्या केल्या ते अगदी योग्य.

पावसाळा आहे, गरोदर बाईच्या घरात पाणी उकळूनच प्यायला ठेवा.

निशांत_ठा | १३ जुलै, रात्री १२:३०

मी इथे फारसा लिहीत नाही. हा धागा वाचला आणि राहवलं नाही.

आमच्या पहिल्या वेळी बायकोला हेच होतं. रात्र रात्र पाय घासायची चादरीवर, इतके की चादरीवर रक्ताचे ठिपके असायचे. दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे मलम मिळालं. ३८ व्या आठवड्यात एका सकाळी ती म्हणाली, बाळ हललं नाही आज. आम्ही पोचलो तेव्हा ठोके नव्हते. मुलगा होता.

नंतर एका डॉक्टरांनी सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतली आणि मग हे नाव सांगितलं. दुसऱ्या वेळी पहिल्या दिवसापासून फाईलवर लाल पेनाने लिहिलेलं होतं. २९ व्या आठवड्यात खाज आलीच. या वेळी दर आठवड्याला रक्त, गोळ्या, आणि ३७ व्या आठवड्यात प्रसूती. मुलगी आता बालवाडीत जाते.

मृण्मयी, तुमचं निदान वेळेत झालंय. आता बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेवा आणि जरा जरी शंका आली तरी रात्रीचे किती वाजलेत हे बघू नका, निघा.

अबोली७ | १३ जुलै, सकाळी ६:५०

निशांत, काय लिहू कळत नाही. तुम्ही इथे लिहिलंत, त्याबद्दल तुमच्या पत्नीलाही माझा नमस्कार सांगा.

कोयनाकाठ | १३ जुलै, सकाळी ९:२०

निशांत, डोळ्यांत पाणी आलं वाचून. मृण्मयी बाळा, डॉक्टर सांगतील तसंच कर. आमच्या सुनेलाही हा धागा वाचायला देते.

मृण्मयी_स | १७ जुलै, दुपारी ४:३५

रिपोर्ट आला. बाईल ॲसिड ५८. नॉर्मल १० पर्यंत लिहिलंय. हिपॅटायटिस सगळे निगेटिव्ह. ५८ म्हणजे किती वाईट? नेटवर वाचून हातपाय गळालेत.

वि_प्रसूतितज्ज्ञ | १७ जुलै, सायंकाळी ६:१०

नेट बंद करा आधी.

२०१९ मध्ये "लॅन्सेट"मध्ये यावर एक मोठं विश्लेषण आलं, वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतल्या बायकांचे रिपोर्ट एकत्र करून. एकच बाळ असलेल्या गरोदरपणात पित्ताम्लं ४० च्या खाली असतील तर बाळ पोटात दगावण्याचं प्रमाण ०.१३ टक्के निघालं, एरवीच्या गरोदरपणांहून फारसं वेगळं नाही. ४० ते ९९ मध्ये ०.२८ टक्के. १०० किंवा वर गेलं की ३.४४ टक्के. म्हणजे खरी उडी १०० च्या पुढे आहे. तुमचा आकडा मधल्या गटातला. दर आठवड्याला तपासत राहायचं, कारण तो चढू शकतो, आणि जो सर्वांत जास्त येईल त्यावरून प्रसूतीची वेळ ठरते.

लेस्टरवासी | १७ जुलै, रात्री ८:००

माझं सर्वांत जास्त ८४ गेलं होतं. मुलगा आता फुटबॉल खेळतो.

एक विचारायचं होतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१९ मध्येच एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, ३३ रुग्णालयांत ६०५ बायका. त्यात अर्सोच्या गोळ्यांनी बाळाच्या बाबतीत ठळक फायदा दिसला नाही. त्यामुळे आता इथे बरेच जण देत नाहीत. भारतात अजून सर्रास देतात, ते का?

वि_प्रसूतितज्ज्ञ | १७ जुलै, रात्री ९:३०

चांगला प्रश्न. ती चाचणी मीही वाचली आहे. खाज त्यात थोडी कमी झाली, पण फरक लहान होता. मी आजही देते, पण पेशंटला स्पष्ट सांगून: ही गोळी कदाचित तुमची खाज कमी करेल, बाळाला वाचवण्याची हमी ती देत नाही. गोळी चालू आहे म्हणून तपासण्या सैल सोडल्या तर तो धोका आहे. बाळासाठी सर्वांत महत्त्वाचा निर्णय प्रसूती केव्हा करायची हा.

आणि त्यात मतभेद आहेत. ब्रिटिश तज्ज्ञ ४० ते ९९ मध्ये ३८-३९ आठवडे सांगतात, १०० च्या वर ३५-३६. अमेरिकेत १०० च्या खाली ३६ ते ३९ अशी मोकळीक आहे. आपल्याकडे बरेच जण ३७ पूर्ण झाले की प्रसूती करतात. माझं स्वतःचं मत: आकडा साठ-सत्तरच्या घरात असेल, पेशंट लांब राहत असेल आणि बाईल ॲसिडचा रिपोर्ट यायला चार दिवस लागत असतील, तर ३७ पूर्ण झाल्यावर मी थांबत नाही. मोठ्या शहरात, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हातात, आकडा ४५ वर स्थिर, तर ३८ पर्यंत थांबेन. सिझरच करावं लागतं असं मात्र नाही. बहुतेकींना कळांची औषधं देऊन नैसर्गिक प्रसूती होते.

हालचालींबद्दल निशांत यांनी लिहिलंय ते पुन्हा सांगते. डाव्या कुशीवर झोपून दोन तासांत दहा हालचाली जाणवायला हव्यात. एनएसटीचा (बाळाच्या ठोक्यांच्या तपासणीचा) आलेख आज चांगला आला म्हणजे उद्याची खात्री नसते, म्हणून "परवाच एनएसटी झाली" म्हणत घरी बसू नका.

उपकेंद्र_सिस्टर | १८ जुलै, रात्री १०:२०

मी धुळे जिल्ह्यात एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली आरोग्यसेविका आहे. धागा पूर्ण वाचला. आमच्याकडे दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचं शिबिर असतं. बीपी, वजन, हिमोग्लोबिन, लघवी, सगळं बघतो. सूज विचारतो, डोकेदुखी विचारतो, रक्तस्राव विचारतो. खाज विचारत नाही. बायका स्वतःहून सांगत नाहीत, कारण त्यांना ती तक्रारच वाटत नाही. शेतात काम, उन्हाळा, घाम, कोण सांगणार? पुढच्या ९ तारखेपासून मी विचारणार आहे.

मृण्मयी_स | २ ऑगस्ट, रात्री ११:४०

तिसरा रिपोर्ट ७१. एसजीपीटी थोडं उतरलंय. खाज आता पोटरीपर्यंत चढली आहे, पण गोळ्यांनी की ओल्या मोज्यांनी माहीत नाही, पहाटे दोन-तीन तास झोप मिळते. (सुती मोजे पाण्यात भिजवून, पिळून, फ्रीजमध्ये ठेवायचे आणि झोपताना घालायचे. लेस्टरवासी ताईंनी सांगितलेला उपाय, देव तिचं भलं करो.) मेंथॉलचं क्रीमही बरं वाटतं. नखं अगदी मुळाशी कापलीत. अहो रात्री उठून पंख्याचा वेग वाढवतात आणि तळव्यांवर बर्फ फिरवतात, सकाळी ऑफिसलाही जातात.

डॉक्टरांनी ३७ वा आठवडा पूर्ण झाला की दाखल व्हायला सांगितलंय. डोहाळजेवण घरच्या घरी, गजरे घालून, मोजे घालून झालं.

लेस्टरवासी | ३ ऑगस्ट, दुपारी १:००

मोज्यांसकट फोटो काढलास ना? जपून ठेव. थोडेच दिवस राहिलेत गं.

मृण्मयी_स | २० ऑगस्ट, संध्याकाळी ५:५०

मुलगी झाली! २ किलो ६०० ग्रॅम. दाखल झाल्यावर कळांची औषधं दिली, दुसऱ्या दिवशी दुपारी नैसर्गिक प्रसूती. पाण्यात बाळाची शी मिसळलेली होती, म्हणून एक रात्र तिला काचेत ठेवलं. ती रात्र मी विसरणार नाही. पण श्वास व्यवस्थित आहे, आता माझ्याजवळ आहे आणि सारखी भुकेली असते.

आणि खाज! प्रसूतीनंतर दुसऱ्या रात्री लक्षात आलं की मी खाजवतच नाहीये.

निशांत, तुमच्या पत्नीला सांगा, त्या रात्री मी तुमची पोस्ट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली होती.

निशांत_ठा | २० ऑगस्ट, रात्री ९:३०

सांगितलं. ती रडली आणि हसलीही. बाळाला खूप आशीर्वाद.

कोयनाकाठ | २१ ऑगस्ट, सकाळी ७:४०

अभिनंदन! आता मात्र माझं ऐक. डिंकाचे लाडू, आहळिवाची खीर आणि भरपूर झोप.

मृण्मयी_स | ४ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

सहा आठवड्यांनी एलएफटी केली, पूर्ण नॉर्मल. डॉक्टर विभा (वि म्हणजे विभा असं मीच ठरवलंय), दोन शंका आहेत. पुढच्या वेळी पुन्हा होईल का? आणि गर्भनिरोधक गोळ्या चालतील का?

वि_प्रसूतितज्ज्ञ | ४ ऑक्टोबर, रात्री ८:४५

नाव चालेल!

पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. वेगवेगळ्या नोंदींत ४५ ते ९० टक्के. म्हणून पुढच्या वेळी पहिल्याच भेटीत सांगा, सुरुवातीलाच एक एलएफटी करून ठेवा आणि खाज आली की लगेच रक्त द्या. धाकट्या बहिणीलाही सांगून ठेवा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी काहींना पुन्हा खाज सुटते, त्यामुळे तांबी किंवा फक्त प्रोजेस्टेरॉनचा पर्याय आधी विचारात घ्या. तसंही अंगावर पाजताय तोवर इस्ट्रोजेनच्या गोळ्या नकोतच. आणि एलएफटी नॉर्मल आली नसती तर मी यकृताच्या तज्ज्ञांकडे पाठवलं असतं. काही जणींत मूळ आजार वेगळाच निघतो.

उपकेंद्र_सिस्टर | ११ ऑक्टोबर, रात्री ९:५०

९ तारखेच्या शिबिरात एकीने खाज सांगितली. ३४ वा आठवडा, दुसरी खेप, तळव्यांना, रात्रीच. तालुक्याला पाठवली, एसजीपीटी २१० आलंय. बाईल ॲसिडची सोय आमच्याकडे नाही. डॉक्टर, रक्त बाहेर पाठवायचं तर काय काळजी घ्यायची?

वि_प्रसूतितज्ज्ञ | ११ ऑक्टोबर, रात्री १०:१५

सीरम वेगळं करून थंड पेटीतून पाठवा, पण त्या रिपोर्टसाठी तिला घरी थांबवू नका. हिपॅटायटिस ई आणि बी तपासा, बीपी आणि प्लेटलेट्स बघा. उलट्या, पोटाच्या वरच्या भागात उजवीकडे दुखणं किंवा डोळे पिवळे असतील तर आज रात्रीच जिल्हा रुग्णालय. नसतील तर उद्या सकाळी १०२ च्या रुग्णवाहिकेने तिथे पाठवा, आणि फाईलच्या पहिल्या पानावर खाज केव्हा सुरू झाली ते लिहा. हालचाली कशा मोजायच्या ते आजच फोन करून तिला आणि तिच्या सासूला, दोघींना समजावा.